एका होडीत दोन तांडेल

निवृत्त मराठी पुरुषाच्या हातून अधिकार ज्या क्रमाने सुटत जातात तो क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो : आधी कचेरीतील खुर्ची जाते, मग दूरचित्रवाणीचा रिमोट नातवाकडे जातो, मग मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे काम सुनेच्या अखत्यारीत येते, आणि अखेरीस आमटीतील मीठ हा वैद्यकीय विषय ठरून तोही डॉक्टरांच्या स्वाधीन होतो. एवढे सगळे हस्तांतर झाल्यावर, मोठ्या आवाजात ‘डावीकडे घ्या’ असे सांगण्याची सोय ज्या मोजक्या ठिकाणी उरते, त्यांत होडीचा क्रमांक बराच वरचा आहे. साठी उलटलेल्या दोन मित्रांनी मिळून काढलेल्या जलसहलीला हवापालट किंवा तीर्थाटन म्हणणे म्हणूनच अपुरे पडते. तो मुळात तांडेलकीचा प्रश्न आहे. तांडेल म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर मचव्याचा किंवा गलबताचा प्रमुख, ज्याच्या शब्दावर शीड चढते आणि उतरते. सहलीला निघालेल्या दोघांपैकी प्रत्येकजण मनोमन तांडेल असतो आणि दुसऱ्याला खलाशी समजतो, हे या प्रकाराचे मूळ दुखणे होय.

या दुखण्याचा अभ्यास करण्यासाठी कोलकात्याच्या उत्तर भागातील बागबाजार घाटाइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. हुगळीच्या पूर्व काठावरील ही वस्ती जुन्या सुतानुटी गावाच्या हद्दीतली. घाटाला लागूनच चक्ररेल्वेचे स्थानक, पलीकडे गल्ल्यांचे जाळे, त्यात भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा काढली ती बोसपाडा गल्ली आणि शारदादेवींचे अखेरच्या वर्षांतील निवासस्थान असलेले उद्बोधन कार्यालयाचे घर. मराठी प्रवाशाच्या दृष्टीने मात्र या परिसरातील सर्वांत मोठे आकर्षण एका गल्लीच्या नावात आहे. ती गल्ली म्हणजे ‘मराठा डिच लेन’, अर्थात मराठ्यांच्या भीतीने खणलेल्या खंदकाची गल्ली. मायदेशी सोसायटीच्या सभेतही ज्यांच्या सूचनेला कोणी अनुमोदन देत नाही, अशा दोन गृहस्थांना आपल्या पूर्वजांच्या नुसत्या येण्याच्या वार्तेने एक अख्खे शहर खंदक खणू लागले होते, ही माहिती किती उभारी देते, याची कल्पना सहज करता येईल.

खंदकाचा इतिहास थोडक्यात असा. नागपूरकर रघूजी भोसले यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये चौथाईच्या वसुलीसाठी फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. चौथाई म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्श्याची मागणी. या फौजेतील स्वारांना बंगालने ‘बर्गी’ म्हटले. हे नाव बारगीर या शब्दावरून आले असून, ज्याला घोडा व शस्त्र सरकारातून मिळते तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, असा मराठी फौजेतील भेद होता. (निवृत्तीनंतर सरकारी प्रवाससवलत बंद होत असल्याने आजचे मराठी पर्यटक या व्याख्येनुसार शिलेदार ठरतात, त्यात मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलतही थांबवल्यापासून ते फारच कडवे शिलेदार झाले आहेत.) बर्गींनी पश्चिम बंगालच्या खेड्यांची जी दैना केली ती विनोदाचा विषय नव्हे, गंगाराम या समकालीन कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात ती नोंदवली आहे आणि बंगाली आया मुलांना निजवताना आजही तिची आठवण काढतात. कोलकात्याच्या रहिवाशांनी कंपनी सरकारच्या परवानगीने शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणण्यास घेतला, त्याची सुरुवात बागबाजारच्या बाजूने झाली, सुमारे तीन मैल खणून झाले, आणि मराठे काही येईनात, तेव्हा काम तिथेच थांबले. पुढे १७५६ मध्ये ज्याच्यासाठी हा खंदक खणलाच नव्हता तो सिराजउद्दौला आला आणि त्याला या अर्धवट खंदकाची काहीच अडचण वाटली नाही. १७९९ च्या सुमारास खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रस्ता करण्यात आला. सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात अर्धवट राहिलेली कामे पुष्कळ आहेत, परंतु ज्यांच्यासाठी काम काढले ते आलेच नाहीत म्हणून खर्च वाचल्याचे उदाहरण विरळाच.

खंदकाच्या जागी उभे राहिल्याबरोबर दोन मित्रांत पहिला मतभेद होतो. अशा जोडीत बहुधा एक कोकणातला आणि एक देशावरचा असतो; महाविद्यालयाच्या वसतिगृहात खोली वाटून घेतल्यापासून सुरू झालेली ही मैत्री परस्परांच्या प्रांताबद्दलच्या अविश्वासावर टिकलेली असते. कोल्हटकर हे आडनाव कोकणस्थांचे असल्याने खंदक आपल्या माणसाच्या धाकाने खणला गेला, असा कोकणी मित्राचा दावा असतो. फौज, पैसा आणि हुकूम रघूजी भोसल्यांचा होता, कोल्हटकर केवळ नोकरीत होते, असे देशावरच्या मित्राचे म्हणणे असते. तेथून पुढे वाद स्वाभाविकपणे नौकेकडे वळतो, कारण बर्गींची घोडदळे हुगळीच्या पश्चिम तीरावर हवी तशी फिरली तरी पूर्व तीरावरचे कोलकाता त्यांच्या हाती लागले नाही. ‘तुमच्या घोड्यांना पोहता येत नव्हते का?’ असे कोकणी मित्र विचारतो, आणि कान्होजी आंग्रे यांचे आरमार या कामी असते तर इतिहास वेगळा झाला असता, असे सांगतो. कान्होजी १७२९ मध्येच वारले होते आणि कुलाब्याहून हुगळीला यायचे तर सारे द्वीपकल्प वळसा घालून यावे लागते, या दोन्ही गोष्टी देशावरच्या मित्राला माहीत असतात. तो त्या लगेच सांगत नाही, संध्याकाळसाठी राखून ठेवतो.

प्रत्यक्ष नौकाविहाराची अडचण अशी की हुगळी ही नदी असूनही नदीसारखी वागत नाही. बंगालच्या उपसागराची भरती तिच्या पात्रातून शंभराहून अधिक किलोमीटर आत शिरून बागबाजारच्याही वर जाते, त्यामुळे दिवसातून दोन वेळा प्रवाह उलटा, म्हणजे समुद्राकडून उत्तरेकडे, वाहू लागतो. बंगालीत भरतीला ‘जोआर’ आणि ओहोटीला ‘भाटा’ म्हणतात, आणि नावाड्यांचे सगळे वेळापत्रक या दोन शब्दांत सामावलेले असते : उत्तरेला बेलूर मठ आणि दक्षिणेश्वर गाठायचे तर जोआर साधायचा, परतायचे तर भाटा. कोकणी मित्राचे पांडित्य येथे उफाळून येते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचे एक पिढीजात गणित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, म्हणजे तीनाने गुणून चाराने भागले, की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि त्यानुसार अष्टमीला सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असतो. हे गणित रत्नागिरीला चालते, मालवणलाही चालते, आणि बागबाजारला कित्येक तासांनी चुकते, कारण समुद्रात आलेली भरती नदीच्या वळणावळणांतून वर सरकत येईपर्यंत मधे बराच वेळ जातो. शिवाय येथे पाणी चढायला लागतो त्याहून उतरायला जास्त वेळ लागतो. पंचांग खिशात घेऊन पहाटे घाटावर आलेला गृहस्थ आणि त्याच्यासमोर पसरलेला चिखल, हे दृश्य या भेदाचे सोपे स्पष्टीकरण देते. गणितात दोष नाही, नदी चुकीची आहे, असा निष्कर्ष काढून तो चहाच्या टपरीकडे वळतो.

देशावरच्या मित्राचे पाण्याविषयीचे ज्ञान निराळ्या जातीचे असते. सोलापूरकडचा असून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असेल तर त्याने उभ्या आयुष्यात पाणी बहुतेक अडवलेलेच पाहिलेले असते, आणि वाहते पाणी हा त्याला प्रशासकीय हलगर्जीपणा वाटतो. तो प्रत्येक जलाशयाची तुलना उजनीच्या ११७ टीएमसीशी करतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाण्याचे माप. फराक्का येथे १९७५ साली सुरू झालेला बंधारा आणि तेथून गंगेचे पाणी हुगळीकडे आणणारा सुमारे ३८ किलोमीटरचा कालवा, कोलकाता बंदरातील गाळ धुऊन निघावा म्हणून केलेली ही सगळी योजना, तिचे गुण, दोष आणि त्याने स्वतः केले असते तर कसे केले असते, हे तो भरगच्च लाँचमध्ये चढ्या आवाजात समजावतो. बंगालमध्ये टीएमसी ही अक्षरे एका राजकीय पक्षासाठी वापरली जात असल्याने, ‘टीएमसी किती आहे त्यावर सगळे अवलंबून, वरून सोडल्याशिवाय इथे काही येत नाही’ यासारख्या निव्वळ अभियांत्रिकी विधानांवर सहप्रवासी माना वळवून पाहू लागतात, आणि कोकणी मित्राला त्याचा शर्ट ओढून खाली बसवावे लागते.

होडीची निवड हा पुढचा टप्पा. ‘पाल’, म्हणजे शीड, लावून जाणाऱ्या पानशी आणि तऱ्हेतऱ्हेच्या मालवाहू नावा एके काळी या पात्रात भरपूर होत्या; ठाकूर घराण्यासारखे जमीनदार ‘बजरा’ नावाच्या प्रशस्त घरनौकेतून महिनोन्महिने फिरत. सहलीची योजना आखताना दोघांच्या डोळ्यांपुढे हीच बजरा असते : वर शीड, आत गादी-तक्के, सेवेला माणसे. घाटावर प्रत्यक्षात मिळते ती ‘भुटभुटी’, म्हणजे लाकडी देशी नावेला डिझेल इंजिन बसवून तयार झालेली आणि आपल्या आवाजावरूनच नाव पडलेली होडी. वर बांबूच्या चटईचे कमानदार छप्पर असते, त्याला ‘छोई’ म्हणतात. त्याखाली वाकून शिरता येते, मात्र कंबरेचा पट्टा बांधलेल्या माणसाला बाहेर येताना दोन माणसांची मदत लागते. इंजिनाचा आवाज एवढा असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि ज्या मैत्रीत दोघांपैकी एकाचे श्रवणयंत्र घरी राहिलेले असते तिला या आवाजाने फारसा फरक पडत नाही, उलट प्रत्येकाला आपण वाद जिंकल्याचा समज करून घेता येतो.

नावेचा खरा मालक माझी. माझी म्हणजे नावाडी, जो मागच्या टोकाला बसून ‘हाल’ धरतो. हाल म्हणजे सुकाणूचे काम करणारे लांब वल्हे. जेमतेम तिशीच्या या माणसाला दोन वृद्धांकडून एकाच वेळी परस्परविरोधी सूचना मिळत असतात, आणि त्या मराठी हिंदीत असल्यामुळे त्यांतील निम्म्या त्याला कळत नाहीत. तरीही त्याची वागणूक अभ्यासण्याजोगी आहे. पात्राच्या मध्यावर, जोआर पूर्ण जोरात असताना, तो इंजिन बंद करतो आणि अत्यंत आदराने हाल वृद्धांपैकी एकाच्या हाती देतो. त्या क्षणापासून पुढची पंधरा मिनिटे तो गृहस्थ पाय फाकवून, टोपी मागे सारून, क्षितिजाकडे नजर लावून उभा राहतो. मग घड्याळ पाहून दुसरा आपला हक्क मागतो. भरतीच्या त्या ओघात हाल कोणी धरला काय किंवा कोणीच धरला नाही काय, नाव उत्तरेकडेच जाणार असते. घरी नातवंडे आजोबांच्या हाती बंद पडलेला रिमोट देतात त्यामागचे धोरण आणि माझ्याचे धोरण यांत तत्त्वतः फरक नाही; एवढेच की माझी त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

जलप्रवासावरील ग्रंथांत वारा, पाणी आणि नक्षत्रे यांवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात, परंतु साठीनंतरच्या नौकानयनाचे वेळापत्रक ठरवणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीचा त्यांत उल्लेख सापडत नाही. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे सव्वासहा तासांनी पालटते; या ग्रंथीचे चक्र त्याहून बरेच लहान असते आणि चंद्राशी त्याचा काही संबंध लागत नाही. भुटभुटीवर स्वच्छतागृह नसते. काठावरचे घाट त्यामुळे त्यांच्या धार्मिक किंवा स्थापत्यविषयक महत्त्वाच्या क्रमाने लक्षात राहत नाहीत, वेगळ्याच क्रमाने राहतात, आणि सकाळच्या चहाला दुसरा कप घ्यावा की नाही, या प्रश्नावर जेवढे गंभीर विचारमंथन होते तेवढे मार्गाबद्दल होत नाही. गुडघ्यांचे कार्य मात्र उपयुक्त असते. लाँचच्या तरंगत्या धक्क्याकडे नेणारा पूल काठाला बिजागरीने जोडलेला असून पाणी भरलेले असताना तो जवळजवळ सपाट, तर पाणी उतरल्यावर तीव्र उताराचा होतो. त्यामुळे पंचांगाने दगा दिला तरी पुलाच्या तिसऱ्या पावलाला नदीची अवस्था अचूक कळते.

मार्गाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. उत्तरेला काशीपूरच्या जुन्या तोफा-कारखान्याची भिंत लागते, पश्चिम काठावर बेलूर मठ येतो, आणि १९३२ चा विवेकानंद सेतू व त्याला खेटून २००७ साली झालेला निवेदिता सेतू यांच्या पलीकडे राणी रासमणींनी १८५५ मध्ये उभारलेले दक्षिणेश्वरचे मंदिर दिसते. मासेमारीवर कर बसवणाऱ्या कंपनी सरकारला धडा शिकवण्यासाठी याच बाईंनी नदीचा पट्टा भाड्याने घेऊन त्यावर लोखंडी साखळ्या बांधल्या आणि जहाजे अडवून कर मागे घ्यायला लावला, ही कथा ऐकल्यावर पाटबंधारे खात्यातील गृहस्थाला या सहलीत प्रथमच कोणाबद्दल व्यावसायिक आदर वाटतो. दक्षिणेला गेल्यास मूर्तिकारांच्या कुमारटुलीवरून आणि निमतल्याच्या स्मशानघाटावरून हावडा पुलाखाली जाता येते. निमतल्याशी दोघांचे बोलणे आपोआप मेडिक्लेमकडे वळते आणि हयातीचा दाखला या महिन्यात दिला की राहिला, यावरून थोडी धावपळ होते, कारण नौकाविहाराला योग्य असा निवळलेला नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांनी आपण जिवंत असल्याचे लेखी सिद्ध करण्याचाही महिना आहे. हावडा पूल १९४३ मध्ये खुला झाला आणि त्याच्या सांगाड्यात नट-बोल्ट नसून तो रिवेटांनी जोडलेला आहे, ही माहिती माझ्याला सांगितली जाते. माझ्याने ती प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ऐकलेली असते; तो दर वेळी चकित होतो.

खाण्याच्या बाबतीत दोघांची भूमिका तत्त्वनिष्ठ असते आणि ती बागबाजारपर्यंतच टिकते. नवीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये आपल्या बागबाजारच्या दुकानात स्पंजासारखा रसगुल्ला तयार केला, असे बंगालमध्ये मानले जाते. तो कोणाचा, यावर ओडिशाशी वाद होऊन २०१७ मध्ये ‘बांगलार रसोगोल्ला’ला भौगोलिक मानांकन मिळाले. साखरेचा आजार असलेल्या दोन माणसांनी ऐतिहासिक स्थळाचा मान राखण्यापुरता एक रसगुल्ला अर्धा-अर्धा करून खायचा ठरतो. गोल आणि रसाळ पदार्थाचे दोन समान भाग होत नाहीत, लहान भाग आपल्या वाट्याला आला असे दोघांनाही वाटते, न्याय म्हणून दुसरा मागवला जातो, आणि हा न्याय चार-पाच रसगुल्ल्यांपर्यंत चालतो. माशांबद्दल तडजोड होत नाही. इलिश हा नदीतला मासा सर्वश्रेष्ठ, हे बंगाली मत कोकणी मित्र ऐकून घेतो, काटे काढत काढत तासाभराने पापलेटाचा विषय काढतो आणि वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरची दया पाहून गप्प बसतो.

पन्नास वर्षांच्या मैत्रीत मतपरिवर्तनाची एकही नोंद नसणे, हे या जोड्यांचे खास लक्षण होय. पुण्याच्या कोणत्या खानावळीत कोणी किती उधारी ठेवली होती, तेथपासून कोल्हटकरांच्या नोकरीपर्यंत प्रत्येक प्रश्नावर दोघे पहिल्या दिवशी जेथे होते तेथेच असतात. दिवसातून चार वेळा आपली दिशा बदलण्याचा मोठेपणा सबंध सहलीत फक्त हुगळी दाखवते. मराठी माणसाने उतारवयात बंगालकडून काही शिकू नये असा मात्र नियम नाही, पु. ल. देशपांडे यांनी पन्नाशी ओलांडल्यावर शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकण्याचा घाट घातला आणि त्यातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक झाले. येथील दोघे परतेपर्यंत ‘जोआर’, ‘भाटा’ आणि ‘आर एकटा’, म्हणजे ‘आणखी एक’, एवढे बंगाली आत्मसात करतात, आणि त्यातील शेवटचा प्रयोग रसगुल्ल्याच्या दुकानापुरता असतो.

सहलीचा उत्तरार्ध घरी परतल्यावर घडतो. पावसाळ्यात पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास हुगळीत भरतीचे पाणी भिंतीसारखे उभे राहून वर धावत येते. त्याला ‘बान’ म्हणतात, आणि तो येण्याआधी माझी आपल्या नावा काठापासून सोडवून मध्यावर नेतात, कारण तो काठावर फुटतो आणि तेथेच होड्या चिरडतो. नोव्हेंबरात गेलेल्या दोघांना यातले काही दिसलेले नसते. हावड्याकडे जाणाऱ्या एका लाँचच्या लाटेने भुटभुटी एकदा हलते, कोकणी मित्राचा चष्मा छोईत अडकतो आणि देशावरचा मित्र जीवरक्षक जाकिटाचा पट्टा पोटावरून पुढे येत नाही म्हणून तो नुसताच हाताने धरून बसतो. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या बाकावर मात्र याच लाटेचा बान होतो, आधी गुडघाभर, पुढच्या आठवड्यात कंबरभर. हाल त्या वेळी कोकणी मित्राच्या हाती असतो, माझी घाबरलेला असतो, आणि नावेचे तोंड लाटेला सरळ काटकोनात धरल्यामुळे सगळे वाचतात. कोल्हटकर, आंग्रे, तिथीची पाऊणपट आणि पापलेट यांपैकी एकाही बाबतीत ज्याने आठ दिवसांत होकार दिलेला नसतो तो देशावरचा मित्र त्याच बाकावर शेजारी बसलेला असतो. कोणी त्याच्याकडे साक्षीसाठी पाहिले की तो घसा साफ करतो आणि लाटेची उंची निदान सात फूट होती, खात्यात चाळीस वर्षे पाणी मोजल्यामुळे आपला अंदाज चुकत नाही, असे सांगतो.